बेसिनखालची पाच तुकड्यांची नळी : जुन्या घरातील दुरुस्तीच्या नोंदी

घर पुण्यात, एरंडवण्यात आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या पुरात नदीकाठच्या पेठेतले आमचे बिऱ्हाड गेले आणि दोन वर्षांनी, १९६३ साली, आजोबांनी हे दुमजली घर बांधले. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालीच झाला होता, पण घर बांधणारे गवंडी आणि नळवाले इंचातच काम करत होते. त्यामुळे भिंतीत आणि जमिनीखाली गेलेले सगळे पाइप इंची आहेत आणि नंतरच्या साठ वर्षांत त्यांना जोडलेले सगळे मिलिमीटरचे. खालच्या न्हाणीघरातील बेसिनखाली या दोन मापांची गाठ पडली होती आणि तिथूनच पाणी झिरपत होते.

हे काम स्वतः करायचे ठरवले, कारण मागच्या चार वर्षांत तीन वेळा प्लंबर बोलावला आणि तिन्ही वेळा गळणाऱ्या जागेवर लांबी (फटी बुजवायची पुटी) फासून तो निघून गेला. शिवाय हे न्हाणीघर आई वापरते. ती एक्क्याऐंशी वर्षांची आहे आणि बेसिनसमोरची कडप्प्याची लादी ओली असली की तिचा पाय घसरण्याची धास्ती मला सतत असते. कोणाला असेच काम करायचे असेल, तर माझ्या चुका आणि खर्च त्यांना आधीच कळावेत म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत.

शनिवार, ६ जानेवारी २०२४ (दोन तास)

नुसता नळ सोडला असता काहीच गळत नाही, बेसिन काठोकाठ भरून बुच काढले की मात्र गळते, हे आज प्रथमच नीट पाहिले. बारीक धार असते तेव्हा पाणी पाइपाच्या तळाने वाहते आणि जोडाच्या वरच्या अर्ध्या भागाला लागतच नाही. भरलेले बेसिन एकदम सुटते तेव्हा पाइप तोंडापर्यंत भरतो आणि जिथे फट असेल तिथून पाणी बाहेर येते. आधीच्या तिन्ही प्लंबरांनी नळ सोडून पाहिले होते आणि 'आता थांबलं' असे सांगितले होते. ते त्यांच्यापुरते खरेच होते.

खाली बादली ठेवून सगळे सुटे केले. बेसिनपासून भिंतीपर्यंत पाच तुकडे निघाले. वर १९९८ साली बेसिन बदलले तेव्हाचे प्लॅस्टिकचे वेस्ट कपलिंग, म्हणजे बेसिनच्या भोकात बसणारी आट्यांची नळी. त्याखाली प्लॅस्टिकचा बॉटल ट्रॅप (वास अडवण्यासाठी तळाशी पाणी धरून ठेवणारा बाटलीसारखा भाग), ज्याची बाहेर जाणारी नळी कोणीतरी करवतीने आखूड केलेली होती. त्या नळीवर चढवलेला पांढरा घड्यांचा वेस्ट पाइप, जो मध्ये पोटासारखा लोंबत होता आणि ज्याच्या घड्यांत साबणाचा काळा गाळ घट्ट बसला होता. त्याचे पुढचे टोक चिंधी गुंडाळून एका करड्या पीव्हीसी तुकड्यात कोंबले होते आणि वरून लांबी लावली होती. आणि त्या पीव्हीसी तुकड्याचे दुसरे टोक गरम करून, फुगवून, भिंतीतून बाहेर आलेल्या जुन्या जीआय निपलवर (जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाच्या, बाहेरून आटे असलेल्या आखूड तुकड्यावर) दाबून बसवले होते.

गळत होते ते या शेवटच्या जागी. पीव्हीसी तापवून लोखंडावर चढवले की थंड झाल्यावर ते आवळते आणि हाताला घट्ट लागते, पण खालचा पृष्ठभाग गंजाने खडबडीत झालेला असल्यामुळे पाणी अडेल असा जोड होतच नाही. वर, फुगवताना पातळ झालेल्या कडेला केसाएवढी चीर गेली होती. लांबीचा थर काढायला पाऊण तास लागला. एकावर एक असे तिचे तीन थर होते, तिन्ही वेगळ्या रंगांचे.

मग व्हर्नियर कॅलिपर घेऊन प्रत्येक तुकडा बाहेरून मोजला. बॉटल ट्रॅपची नळी ३२ मिमी. करडा पीव्हीसी तुकडा ४० मिमी. भिंतीतले निपल, गंज खरवडलेल्या जागी, ४२.४ मिमी. कपलिंगचे आटे जवळजवळ ४२ मिमी. ही मापे मी वहीत लिहून ठेवली, पण दुसऱ्या दिवशी दुकानात जाताना वही घरीच राहिली.

रविवार, ७ जानेवारी (तीन तास, ते बहुतेक वाया)

घराजवळच्या दुकानात जाऊन 'चाळीसचा पीव्हीसी पाइप आणि त्याचे सॉकेट' मागितले. जुना तुकडा ४० मिमीचा आहे, तेव्हा त्याच मापाचा नवा घ्यावा आणि निपलवर बसेल असे काही नंतर शोधावे, असा विचार होता. पांढऱ्या यूपीव्हीसीचा (कडक पीव्हीसीचा) तीन फूट पाइप आणि एक सॉकेट (पाइप ज्यात बसतो तो जोडतुकडा) मिळून २६० रुपये दिले. घरी येऊन जुन्या तुकड्याला सॉकेट लावून पाहिले, तर तुकडा त्यात खुळखुळत होता. कॅलिपर लावला : नवा पाइप बाहेरून ४८.३ मिमी. दोघांचेही नाव चाळीस आणि प्रत्यक्षात आठ मिलिमीटरचे अंतर.

पाइप कापलेला असल्यामुळे दुकानदाराने परत घेतला नाही, ते योग्यच होते. बॉटल ट्रॅपशिवाय बेसिन वापरता येईना, म्हणून खाली बादली ठेवली आणि आईला दात घासायला स्वयंपाकघरातल्या सिंकवर पाठवले. हे आणखी तीन आठवडे चालेल, असे तेव्हा वाटले नव्हते. जो कोणी हे काम सुरू करील त्याने सगळे सुटे करण्याआधीच सामान जमवावे, हे मी स्वतःला बजावून इथे लिहून ठेवते आहे.

बुधवार, १० जानेवारी (दोन तास)

आज रजा काढून रविवार पेठेत बोहरी आळीत गेले. या वेळी वही, जुना पीव्हीसी तुकडा, बॉटल ट्रॅपची नळी आणि निपलच्या बाह्य परिघाभोवती गुंडाळून घेतलेली कागदाची पट्टी, असे सगळे बरोबर होते. 'चाळीसचा पाइप' म्हणताच दुकानातल्या वयस्कर काकांनी विचारले, "चाळीस म्हणजे कुठला चाळीस, ताई? शेतीचा का घरातला?"

या एका प्रश्नात रविवारच्या सगळ्या घोळाचे उत्तर होते. शेतीला, बोअरला वापरतात तो करडा पीव्हीसी पाइप भारतीय मानक ४९८५ प्रमाणे बनतो आणि त्याचे नाव म्हणजेच त्याचे बाहेरचे माप. चाळीसचा पाइप बाहेरून चाळीसच भरतो. घरातल्या नळकामाचा पांढरा शेड्यूल ४० यूपीव्हीसी (इथले ४० हे पाइपाच्या जाडीच्या प्रतीचे नाव, माप नव्हे) मात्र मूळ अमेरिकी इंची मापांवर बनतो. त्यावर ४० मिमी छापलेले असले तरी तो खरा दीड इंची असतो आणि बाहेरून ४८.३ मिमी भरतो. त्याच जातीचा '३२ मिमी' म्हणजे सव्वा इंची, बाहेरून ४२.२ मिमी. आणि जुना जीआय सव्वा इंची, ज्याला पुस्तकात ३२ म्हणतात, तो ४२.४ मिमी. म्हणजे माझ्या निपलचा खरा जोडीदार चाळीसचा नव्हे, तर पांढऱ्या पाइपातला 'बत्तीस' होता. आणि बॉटल ट्रॅपची बत्तीसची नळी त्याच नावाची असूनही दहा मिलिमीटरने बारीक होती, कारण तिथे बत्तीस हे खरोखरच बाहेरचे माप आहे.

काकांनी दुसरा प्रश्न विचारला : भिंतीतून बाहेर आलेले आटे बाहेरचे आहेत की आतले? मी म्हटले बाहेरचे, निपल आहे. ते म्हणाले, मग त्यावर प्लॅस्टिकचे आतल्या आट्यांचे सॉकेट लावू नका. आटे निमुळते असतात. लोखंडाचा निमुळता नर प्लॅस्टिकच्या मादीत जसजसा शिरतो तसतसे प्लॅस्टिक फाकते आणि वर्षा-दोन वर्षांत उभे चिरते. उलट, प्लॅस्टिकचा नर लोखंडी एल्बोत (वळणाच्या तुकड्यात) फिरवला तर लोखंड त्याला चहूकडून आवळून धरते. तेव्हा निपल काढता आले तर काढा, मागचा एल्बो आतल्या आट्यांचाच असणार, त्यात सव्वा इंची एमटीए बसवा. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी असताना त्यांनी दहा मिनिटे दिली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

एमटीए म्हणजे एका टोकाला बाहेरचे आटे आणि दुसऱ्या टोकाला पाइपाचे सॉकेट असलेला तुकडा. तो ४५ रुपयांना, सव्वा इंची यूपीव्हीसीचा एक फुटी तुकडा ९० रुपयांना, पाइप चिकटवायच्या सॉल्व्हंटची छोटी डबी ७० रुपयांना, टेफ्लॉन टेपची दोन रिळे ४० रुपयांना, हॅक्सॉची पाती ६० रुपयांना आणि पाइप साफ करायची लांब स्प्रिंग २२० रुपयांना घेतली. पितळी क्रोम केलेला बॉटल ट्रॅप १,१५० रुपयांना आणि त्याबरोबर पाच इंची वेस्ट कपलिंग ३८० रुपयांना घेतले. कपलिंग घेताना मी उंचीचा विचार केला नाही. ते पुढे नडले.

शनिवार, १३ जानेवारी (चार तास)

निपलच्या मुळाशी बुधवारी रात्रीपासून रोज केरोसीन आणि मशीनचे तेल मिसळून सोडत होते. आज पाइप पाना लावला. पहिल्या झटक्याला निपल सहज फिरले असे वाटले, पण ते फिरले नव्हते, चेपले होते. साठ वर्षांत आतून गंजून त्याची भिंत इतकी पातळ झाली होती की पान्याच्या दातांखाली ते पत्र्यासारखे दबले. दुसऱ्या प्रयत्नात ते भिंतीलगत तुटले आणि आट्यांचा भाग एल्बोत तसाच अडकून राहिला.

त्या वेळी खरोखर भीती वाटली. एल्बोला काही झाले असते तर जमिनीखालचा पाइप उघडावा लागला असता, आणि तो मोझॅकच्या लाद्यांखालून जातो, ज्या लाद्या आता मिळत नाहीत. अर्धा तास काहीच केले नाही. मग छिन्नी आणि हलकी हातोडी घेऊन एल्बोच्या तोंडाभोवतीचा गिलावा तळहाताएवढा उघडला. भिंत चुन्याची आहे. सिमेंट परवान्यावर मिळण्याचा तो काळ होता आणि आजोबांनी ते स्लॅबसाठी राखून ठेवले होते, असे आई सांगते. चुन्याचा गिलावा छिन्नीखाली सहज सुटतो, विटांना धक्का बसत नाही. एल्बो दिसला तो चांगला जाड, बाहेरून जवळजवळ नवा. चुन्यात गाडलेला असल्याने त्याला गंज फारसा लागलेला नव्हता. निपल गंजले ते भिंतीबाहेर, दमट हवेत आणि साबणाच्या पाण्यात.

आज एवढ्यावरच थांबले, कारण हात थरथरत होते आणि पुढचे काम नाजूक होते.

रविवार, १४ जानेवारी (चार तास)

एल्बोत अडकलेला आट्यांचा कडा काढायचा होता आणि एल्बोच्या आट्यांना ओरखडाही उठू द्यायचा नव्हता. हॅक्सॉचे पाते फ्रेममधून काढून एका टोकाला कापड गुंडाळले आणि हातात धरून आतून बाहेरच्या दिशेने कड्याला उभी चीर पाडू लागले. कडा दीड-दोन मिलिमीटर जाड उरला होता, तरी एका चिरेला पंचवीस मिनिटे लागली. दर काही घावांनंतर टॉर्चने पाहायचे : चिरेच्या तळाशी आट्यांची पहिली रेघ चमकली की थांबायचे. अशा तीन चिरा पाडल्या. मग बारीक छिन्नी चिरेत घालून मधला तुकडा आतल्या बाजूला, म्हणजे पाइपाच्या पोकळीकडे वळवला. पहिला तुकडा तुटून निघाला तेव्हा त्याच्यामागे एल्बोचे आटे स्वच्छ, पिवळट दिसले; त्यांच्यावर साठ वर्षांपूर्वीचा सफेदा आणि सुतळीचे तंतू तसेच होते. तो जोड ज्याने केला त्याचे काम माझ्या आधीच्या सगळ्या दुरुस्त्यांहून चांगले होते. उरलेले दोन तुकडे चिमट्याने ओढले. एल्बोच्या एका आट्यावर किंचित ओरखडा गेला आहे, बाकी शाबूत.

निपलचे तुकडे आत पडू नयेत म्हणून आधीच एल्बोत कापडाचा बोळा ठेवला होता, तो दोऱ्याने बांधून ठेवला होता. हे न विसरण्यासारखे आहे, कारण लोखंडाचा एक तुकडा जरी खालच्या वळणात गेला असता तर तिथे कायमचा अडथळा झाला असता.

बोळा काढून स्प्रिंग घातली. एल्बोपासून पाइप भिंतीतून खाली उतरतो आणि साधारण सत्तर सेंटिमीटर जमिनीखालून जाऊन न्हाणीघराच्या जमिनीतल्या, जाळी असलेल्या नहाणी ट्रॅपमध्ये उघडतो. 'नहाणी' हा शब्द आपला असून इंग्रजी पाठ्यपुस्तकांतही तसाच वापरतात, याचे मला नेहमी बरे वाटते. सव्वा इंची जीआयचे आतले माप नवे असताना ३६ मिमी असते. माझ्या पाइपात एल्बोजवळ जेमतेम बोट जाईल एवढीच वाट उरली होती. स्प्रिंग फिरवत फिरवत पाऊण तासात काळ्या गाळाने, केसांनी आणि गंजाच्या पापुद्र्यांनी अर्धी बादली भरली. शेजारच्यांनी ॲसिड ओतायला सांगितले होते. ते मुद्दाम टाळले. गाळाबरोबर ते पाइपाचा उरलासुरला जस्ताचा थर आणि मोझॅकचा सिमेंटचा भागही खाते. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून वाट मोकळी केली आणि नहाणी ट्रॅपची जाळी उचलून पाहिले, तर पाणी सरळ, आवाज न करता येत होते. पाइपाचे तोंड ट्रॅपमधल्या पाण्याच्या वर आहे, त्यामुळे बेसिनखाली वेगळा बॉटल ट्रॅप असूनही मध्ये हवा कोंडत नाही. हे तपासून घेणे आवश्यक होते.

सोमवार, १५ जानेवारी

संक्रांत. काम नाही.

शनिवार, २० जानेवारी (चार तास)

एमटीएच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप आट्यांच्या फिरण्याच्या दिशेने बारा वेढे गुंडाळून तो एल्बोत हाताने फिरवला, मग पान्याने दीड फेरा. एल्बोच्या ओरखड्याची जागा तळाला येत नाही, वर येते, हे आधी पाहून घेतले होते. सॉकेटमध्ये यूपीव्हीसीचा दहा सेंटिमीटरचा तुकडा सॉल्व्हंट लावून बसवला आणि तीस सेकंद दाबून धरला. इथपर्यंत सगळे मनासारखे झाले.

मग बेसिनकडे वळले आणि तिथे दोन गोष्टी कळल्या. पहिली, १९९८चे कपलिंग फुल थ्रेड होते, म्हणजे त्याला बाजूला खाचा नव्हत्या. आमच्या बेसिनला वरच्या काठाजवळ ओव्हरफ्लोचे भोक आहे. त्यातून आत गेलेले पाणी चिनी मातीच्या पोकळीतून खाली येते आणि कपलिंगच्या खाचांतून वेस्टमध्ये जायला हवे. खाचाच नसल्याने ते पंचवीस वर्षे कपलिंगभोवती साचत होते आणि खालच्या वॉशरमधून थेंब थेंब गळत होते. म्हणजे गळती एक नव्हती, दोन होत्या, आणि खालची बुजवली तरी वरची राहिलीच असती. नवे कपलिंग सुदैवाने हाफ थ्रेड, खाचांचे आहे. वरच्या तबकडीखाली रबरी वॉशर, खालच्या बाजूला जाड वॉशर आणि बॅकनट. बॅकनट हातानेच आवळला आणि वर पाव फेरा. जास्त आवळले तर चिनी माती तडकते.

दुसरी गोष्ट उंचीची. बॉटल ट्रॅप लावून पाहिला, तर वर सरकवता येईल तेवढा सरकवूनही त्याचे बाहेर जाणारे तोंड यूपीव्हीसीच्या तोंडापेक्षा दीड सेंटिमीटर खाली येत होते. पाणी चढाने वाहणार नाही. जोड घट्ट झाला तरी नळीत कायम पाणी साचून गाळ बसला असता. जुन्या माणसांनी मध्ये लवचीक पाइप का घातला होता, ते आत्ता समजले : हाच उंचीचा फरक लपवण्यासाठी. पाच इंची कपलिंगऐवजी तीन इंची घेतले की ट्रॅप पाच सेंटिमीटर वर येतो, आणि मग तो हवा तेवढा खाली घेता येतो. कपलिंगचा वॉशर दाबला गेला असल्याने ते परत देता येणार नव्हते. संध्याकाळी तीन इंची हाफ थ्रेड कपलिंग ३४० रुपयांना आणून बसवले. कपलिंग घेण्यापूर्वी बेसिनच्या भोकापासून भिंतीतल्या पाइपाच्या मध्यापर्यंतची उभी उंची मोजली असती तर ३८० रुपये आणि अर्धा दिवस वाचला असता.

मंगळवार, २३ जानेवारी (दीड तास)

उरला तो मुख्य प्रश्न : ३२ मिमीची क्रोमची नळी आणि ४२ मिमीचा यूपीव्हीसी पाइप यांचा जोड. लांबी, चिंधी किंवा सिलिकॉन यांपैकी काही वापरायचे नाही, हे पहिल्या दिवशीच ठरले होते. बॉटल ट्रॅप साफ करायला कधीतरी काढावाच लागतो आणि तेव्हा जोड फोडावा लागत असेल तर पुढचा माणूस पुन्हा चिंधीच गुंडाळील.

नाना पेठेत वाहनांच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. तिथे रेडिएटरचा, एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला जाड असलेला सरळ होज पाइप मागितला आणि वही पुढे केली. चौथ्या दुकानात ३१ आणि ४२ मिमी आतल्या मापाचा, आत कापडाचे अस्तर असलेला तुकडा १८० रुपयांना मिळाला. दोन स्टेनलेस होज क्लिपा ७० रुपयांना. हे रबर उकळत्या पाण्याचा दाब सोसायला केलेले असते, त्यामुळे बेसिनचे पाणी त्याला काहीच नाही. फक्त त्याला तेल किंवा ग्रीस लावायचे नाही, खनिज तेलाने ते फुगते.

शुक्रवार, २६ जानेवारी (तीन तास)

होजचे बारीक टोक गरम पाण्यात पाच मिनिटे ठेवून, साबणाचे पाणी लावून क्रोमच्या नळीवर चढवले. आता एक बारकावा, ज्यावर मी बराच वेळ घालवला. नळी आणि पाइप यांची तोंडे होजच्या आत समोरासमोर ठेवली, तर मध्ये यूपीव्हीसीच्या साडेतीन मिलिमीटर जाड कडेची पायरी तयार होते आणि केस नेमके तिथे अडकतात. त्याऐवजी नळी पुढे सरकवून तिचे टोक यूपीव्हीसीच्या आत दोन सेंटिमीटर गेले, असे केले. यूपीव्हीसीचे आतले माप ३५ मिमी आहे, नळी ३२ची, त्यामुळे ती आरामात जाते. कौले बसवताना वरचे कौल खालच्यावर येते, म्हणून पाणी फटीकडे कधी वळत नाही; इथेही तेच. आता पाणी नळीतून थेट पाइपाच्या पोटात पडते आणि होजचे काम फक्त बाहेरची फट झाकण्याचे राहते. जुन्या जोडणीत चिंधी कोंबलेला जोड या दिशेने बरोबर होता, पण लोंबत्या पोटामुळे पाणी त्यात उलटे चढत होते.

बॉटल ट्रॅपची उंची अशी ठेवली की त्याचे तोंड यूपीव्हीसीपेक्षा पाच मिलिमीटर वर राहील. जास्त उतार घेतला तर नळी पाइपात तिरकी अडकते. क्लिपा आवळल्या, पण रबर क्लिपेच्या कडेने फुगेपर्यंत नाही.

परीक्षा घेण्यासाठी बेसिनखालच्या काळ्या लादीवर कोरड्या रांगोळीचा पातळ थर चाळणीने चाळला. पांढऱ्या भुकटीत एक थेंब जरी पडला तरी त्याचा खळगा स्पष्ट दिसतो आणि तो कुठल्या जोडाखाली आहे हेही कळते. कागदावर डाग पसरतो, इथे पसरत नाही. बेसिन ओव्हरफ्लोपर्यंत भरले, तीन मिनिटे वाहू दिले, मग बुच काढले. पहिल्याच वेळी बॉटल ट्रॅपच्या तळाच्या झाकणाखाली दोन खळगे दिसले. झाकण उघडले तर आतला वॉशर तिरका बसला होता. कारखान्यातूनच तसा आला असावा. सरळ करून पुन्हा भरले. पाच वेळा भरून सोडले, रांगोळी कोरडी.

आई दाराशी उभी राहून पाहत होती. म्हणाली, "आता पुसायला नको ना रोज?" मी म्हटले, आठवडाभर रांगोळी तशीच राहू दे, मग सांगते.

रविवार, २८ जानेवारी (एक तास)

उघडलेला गिलावा बुजवला. सिमेंट मुद्दाम वापरले नाही. चुना आणि बारीक वाळू यांचे मिश्रण घेतले, १२० रुपये. पुढे कधी एमटीए काढायची वेळ आली तर छिन्नीखाली ते सुटावे आणि जुन्या चुन्याशी त्याचे जमावे, हे कारण. यूपीव्हीसीभोवती कागदाचे दोन वेढे देऊन मग गिलावा केला आणि वाळल्यावर कागद ओढून काढला, म्हणजे पाइप भिंतीत जखडला जात नाही.

रविवार, ११ फेब्रुवारी

सोळा दिवस झाले. रांगोळी दोनदा बदलली, कारण आईच्या पायाने ती विस्कटली होती. एकही खळगा नाही. क्लिपा अर्धा फेरा आणखी आवळाव्या लागल्या, रबर बसल्यावर एवढे होतेच. बेसिन पूर्वी दीड मिनिटात रिकामे होत असे, आता वीस-बावीस सेकंदांत होते. ट्रॅप एकदा काढून, धुऊन परत लावला. त्याला अकरा मिनिटे लागली आणि काहीही फोडावे लागले नाही.

एकूण खर्च ३,०२५ रुपये. त्यांतले ६४०, म्हणजे चुकीचा पाइप आणि पाच इंची कपलिंग, वाया. वेळ सगळा मिळून साडेचोवीस तास. सामान आधी नीट मोजून आणले असते तर त्यांतले सहा-सात तास वाचले असते. निपल काढण्याचे आठ तास मात्र वाचले नसते, ते काम तेवढेच आहे.

बेसिनच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, कायमच्या शाईच्या पेनने चार ओळी लिहून ठेवल्या आहेत : एल्बो सव्वा इंची जीआय, आतले आटे. एमटीए सव्वा इंची. पाइप बाहेरून ४२.२. नळी बाहेरून ३२. वरच्या मजल्यावरच्या बेसिनखालीही तसलाच पांढरा घड्यांचा पाइप आहे. काल तिथले निपल मोजले, ते ४८.३ मिमी भरले, म्हणजे दीड इंची. ७ जानेवारीला घेतलेला तीन फुटांचा पाइप आणि सॉकेट माळ्यावर होते, ते खाली काढून ठेवले आहेत.